१५५ म्हणजे १५५ नव्हे

देवळाली कॅम्प, भगूर, लहवित या पट्ट्यात ‘आज फायरिंग आहे’ हे वाक्य ‘आज पाणी उशिरा येणार’ इतक्याच सहजपणे बोललं जातं. तोफखान्याचं प्रशिक्षण विद्यालय इथं दुसऱ्या महायुद्धापासून आहे. पलीकडे ओझरला मिग-२१ झाली, सुखोई-३० झाली, आता तेजसची पाळी आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल या दोन ठिकाणांवर पेटते, तेव्हा निदान इथं तरी शस्त्रखरेदीची चर्चा जाणकारीने व्हायला हवी. पण आर्मेनियाने भारताकडून रडार, रॉकेटं आणि तोफा घ्यायला सुरुवात केल्यापासून इथंही दोनच टोकं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, आपलं पिनाक रॉकेट पोहोचलं, आता त्या देशाकडे वाकड्या नजरेने कोण बघतो! दुसरी म्हणते, ड्रोनच्या जमान्यात तोफा आणि रणगाडे म्हणजे भंगार. एवढ्याशा देशाने तेवढ्या पैशांत ड्रोन घेतले असते तर शहाणपणाचं झालं असतं.

दोन्ही बाजू यादी वाचताहेत. कोणतं शस्त्र घेतलं, किती घेतलं, कोणाकडून घेतलं. लहान देशाचं सैन्य आधुनिक झालं की नाही, हे त्या यादीवरून कळत नाही. लढाईच्या विसाव्या दिवशी त्यातली किती शस्त्रं चालू आहेत आणि त्यांच्यापाशी टाकायला काय शिल्लक आहे, यावरून ते कळतं. या कसोटीवर पाहिलं तर आर्मेनियाचा खरा प्रश्न ‘तोफ की ड्रोन’ हा नाहीच. तोफांचे प्रकार किती आणि त्यामागचं कोठार केवढं, हा आहे.

आधी आकार लक्षात घेऊ. आर्मेनियाचं क्षेत्रफळ सुमारे २९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या दुपटीहूनही थोडं कमी. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्याची २०११च्या जनगणनेतली संख्या ६१ लाख होती. समुद्र नाही. पश्चिमेची तुर्कस्तानची आणि पूर्वेची अझरबैजानची सीमा कित्येक वर्षं बंद. बाहेरून काही आणायचं तर वाट जॉर्जियातून किंवा इराणमधून. नाशिकच्या निम्म्या माणसांनी, दोनच दरवाजे उघडे असलेल्या घरात बसून, तेलाच्या पैशावर शस्त्रं घेणाऱ्या एक कोटी वस्तीच्या शेजारी अझरबैजानशी बरोबरी करायची, असा हा मामला आहे.

ड्रोनवाल्यांची बाजू हलकी नाही. काराबाख या वादग्रस्त प्रदेशासाठी अझरबैजानशी २७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या ४४ दिवसांत झालेल्या युद्धात आर्मेनियाच्या बाजूचे दोनशेहून अधिक रणगाडे गेले. त्यांतले कित्येक जळताना साऱ्या जगाने पाहिले, कारण मारणाऱ्याच्या कॅमेऱ्यातूनच ते चित्रित झाले होते. अझरबैजानने आधी अँटोनोव-२ ही दोन मजली पंखांची, शेतांवर औषध फवारणारी जुनी विमानं आमिष म्हणून सोडली. त्यांच्यावर रडार चालू झालं की ते कुठं आहे हे कळायचं, आणि मग इस्रायली हारोप किंवा तुर्की बायरक्तार हे ड्रोन त्याचा समाचार घ्यायचे. आर्मेनियाने युद्धाच्या थोडं आधी जॉर्डनकडून ३५ जुन्या ओसा क्षेपणास्त्र गाड्या घेतल्या होत्या. ओसाचा मारा उंचीला साधारण पाच किलोमीटरपर्यंत. बायरक्तार त्याहून वर घिरट्या घालत राहिला. आंब्याच्या शेंड्यावरच्या माकडाला खालून खडे मारावेत, तशातली गत.

पण याच युद्धाचा शेवट कसा झाला, हे ही मंडळी सांगत नाहीत. शुशा हे डोंगरमाथ्यावरचं निर्णायक शहर ड्रोनने घेतलं नाही. धुक्याच्या दिवसांत, जंगलातून पायी चढून गेलेल्या पायदळाने हलकी शस्त्रं घेऊन ते घेतलं. आणि ड्रोनने फोडलेल्या फळीतून पुढे सरकणाऱ्या अझरबैजानी तुकड्यांच्या मागे तोफा आणि रॉकेटं होतीच. ड्रोनने तोफेची जागा घेतली नाही, तिला डोळा दिला. पूर्वी निरीक्षक डोंगरावर बसून ‘दोनशे मीटर पुढे, शंभर डावीकडे’ करत चार-पाच गोळे खर्च करून निशाण्यावर यायचा. ड्रोन वर असेल तर तेच काम दोनेक गोळ्यांत होतं. ज्याच्याकडे डोळा आहे आणि गोळा नाही, त्याने नुसतं बघत बसायचं. ज्याच्याकडे गोळा आहे आणि डोळा नाही, त्याचं काय होतं हे २०२० मध्ये दिसलंच.

आता अभिमानवाल्यांकडे वळू. पिनाक हे चांगलं शस्त्र आहे यात वाद नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेत घडलेलं, कारगिलमध्ये वापरून पाहिलेलं. एका गाडीवर २१४ मिलिमीटरची १२ रॉकेटं. सहा गाड्यांची एक बॅटरी ४४ सेकंदांत ७२ रॉकेटं सोडते, जवळजवळ ३८ किलोमीटरपर्यंत. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पुढचं गणित कोणी मांडत नाही. एक रॉकेट पावणेतीनशे किलोचं, म्हणजे त्या ४४ सेकंदांत सुमारे २० टन माल संपला. पुन्हा भरायला दुसऱ्या गाड्या हव्यात, क्रेन हवी, आणि शत्रूच्या रडारने जागा हेरायच्या आत तिथून पसार होऊन नव्या जागी भरणं हवं. अशा दहा फैरी म्हणजे दोनशे टन. हा माल घाटरस्त्याने, रात्री, दिवे न लावता वर न्यायचा आहे. तोफखान्याच्या कामात गाडी चालवणारा हा निशाणा साधणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो. शौर्यपदकांच्या याद्यांत तो फारसा दिसत नाही, एवढंच.

तोफेचा हिशेब याहून बोलका आहे. १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४५ किलोचा. सहा तोफांच्या बॅटरीने तुंबळ लढाईत तोफेमागे दिवसाला १०० गोळे टाकले असं धरू. सहाशे गोळे, म्हणजे नुसता गोळ्यांचा भार २७ टन. त्यावर दारूचे चार्ज, फ्यूज आणि पेट्या. महिनाभरात एका बॅटरीला १८,००० गोळे लागले. आणि एका तोफेतून तीन हजार गेले. इथं दुसरी अडचण उभी राहते. पूर्ण भाराने मारा केला तर तोफेची नळी दीड ते अडीच हजार गोळ्यांत झिजते. तापलेला वायू नळीतले आटे सुरू होतात तिथलंच पोलाद खातो, गोळा सैल बसतो, त्याचा वेग घटतो आणि तो अलीकडे पडतो. अलीकडे म्हणजे कधी कधी आपल्याच पायदळावर. तेव्हा प्रत्येक तोफेमागे एक राखीव नळी आणि ती बदलणारं पथक आधीच असायला हवं. ‘किती तोफा घेतल्या’ या बातमीत ‘किती नळ्या घेतल्या’ हे वाक्य कधी वाचलं आहे?

कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बाँब आणि रॉकेटं टाकली. तीनशे तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट-प्रक्षेपकांतून दिवसाला सुमारे पाच हजार. टायगर हिल परत घेतली त्या दिवशी नऊ हजार. हे एका मर्यादित, एका बाजूच्या डोंगररांगेतल्या लढाईचे आकडे आहेत. संपूर्ण युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे द्यायचं ठरवलं आणि मुदत संपली तेव्हा मजल निम्म्याच्या आसपास होती. जर्मनी-फ्रान्सची ही कथा, तर तीस लाखांच्या देशाला ऐन लढाईत जॉर्जियातून किंवा इराणमधून गोळे मिळत राहतील, या भरवशावर कोण बसणार? त्याला गोळे आधीच घेऊन, डोंगरात खोदलेल्या कोरड्या कोठारांत ठेवावे लागतील. आणि जितके प्रकार जास्त, तितकं प्रत्येक प्रकाराचं कोठार लहान.

नेमकी इथंच आर्मेनियाची नवी यादी खटकते. कल्याणी समूहाने नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेपंधरा कोटी डॉलरच्या तोफांच्या परदेशी मागणीची घोषणा केली. ग्राहकाचं नाव सांगितलं नाही, पण बातम्यांत ते आर्मेनियाचंच आलं, आणि तोफ आली ती ट्रकवर बसवलेली, ३९ कॅलिबर लांबीची, म्हणजे नळी तोंडाच्या व्यासाच्या ३९ पट लांब. त्याच बातम्यांत ओढून न्यायच्या भारतीय ‘अटॅग्स’चंही नाव आहे. जून २०२४ मध्ये फ्रान्सकडून ३६ ‘सीझर’ तोफा ठरल्या. तिन्ही १५५च्या. वर्तमानपत्रांना वाटतं, एकच माप आहे, म्हणजे एकच गोळा चालेल. गोळा बहुतेक चालेलही. चार्ज चालेलच असं नाही. ३९ कॅलिबरच्या तोफेत दारू भरायच्या चेंबरचं आकारमान साधारण १८ लिटर असतं. सीझरसारख्या ५२ कॅलिबरच्या तोफेत ते २३ लिटर. अटॅग्समध्ये, ४८ किलोमीटरचा पल्ला गाठण्यासाठी, ते २५ लिटर ठेवलं आहे. अठरा लिटरच्या चेंबरसाठी बांधलेला चार्ज तेवीस लिटरमध्ये टाकला की दाब वेगळा, वेग वेगळा, पल्ला वेगळा. उलट केलं तर तोफ फुटण्याची वेळ. म्हणून प्रत्येक तोफेचे मारकोष्टक वेगळे, संगणकातला प्रोग्राम वेगळा, पेटीवरची खूण वेगळी. जुन्या सोव्हिएत १२२ आणि १५२ मिलिमीटरच्या तोफा आहेतच, त्या निराळ्या. १५५ म्हणजे १५५ नव्हे, हे तोफखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. खरेदीच्या टेबलावर बसणाऱ्याला सांगावं लागतं.

त्यात वजनाचं पाहा. अटॅग्स सुमारे १८ टनांची, आणि तिला ओढणारा ट्रॅक्टर पुढे वेगळा. कसारा घाटात लांब ट्रेलर वळताना मागची वाहतूक कशी खोळंबते, हे इथल्या कोणालाही ठाऊक आहे. काकेशसमध्ये तसं वळण उतारावर, बर्फात आणि वरून ड्रोन बघत असताना घ्यायचं. सपाट वाळवंटात ही तोफ राजा आहे. डोंगराळ लहान देशात तिला नाकापेक्षा मोती जड म्हणायला हरकत नसावी. ट्रकवरची तोफ इथं सरस ठरते. थांबायचं, मागचे पाय जमिनीत रोवायचे, सहा गोळे मिनिटभरात सोडायचे आणि समोरून उत्तर यायच्या आत निघायचं. समोरच्याकडेही आपल्या स्वातीसारखी रडारं असतात. आलेल्या गोळ्याचा मार्ग उलटा मोजून तोफेची जागा काढायला त्यांना फार वेळ लागत नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा : एकाच दुकानातून घेतलं म्हणूनच तर आर्मेनिया बुडाला. रशियाला पैसे भरूनही शस्त्रं आली नाहीत, अशी तक्रार त्यांच्या पंतप्रधानांनी उघडपणे केली. डिसेंबर २०१९ मध्ये चार सुखोई-३० आली, पण त्यांची क्षेपणास्त्रं आलीच नव्हती, हेही त्यांनीच नंतर मान्य केलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथं घोडं आलंच नाही आणि वरात मांडवातच बसून राहिली. मग भारत, फ्रान्स, जमेल तिथून घेतलं तर चुकलं कुठं?

हा आक्षेप मान्य करावाच लागतो. आपल्याइतका तो दुसऱ्या कोणाला समजणार? १९८६ मध्ये ४१० बोफोर्स घेतल्या. मग लाचेचं प्रकरण पेटलं, कंपनीशी व्यवहार थांबला आणि सुट्या भागांसाठी कारगिलपर्यंत आपली ओढाताण चालली. त्या कराराबरोबर आलेली रेखाटनं पुढे कपाटातून काढून त्यांवरून ‘धनुष’ तोफ घडवायला तीन दशकांचा काळ गेला. ओझरला जुळवणी होणाऱ्या सुखोईंचीही एकेकाळी निम्म्याच्या आसपासच विमानं उड्डाणाला उपलब्ध असत. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना हा आकडा त्यांनीच मांडला होता. विमान नाशिकला जुळलं म्हणून त्याचा प्रत्येक भाग नाशिकचा होत नाही. एका पुरवठादारावर विसंबणं धोक्याचं, हे खरंच.

पण उपाय दुकानं वाढवणं हा आहे, तोच माल चार दुकानांतून घेणं हा नाही. तोफा एकाकडून, रडार दुसऱ्याकडून, हवाई संरक्षण तिसऱ्याकडून, अशी वाटणी केली तर एखादा रुसला तरी बाकीचे थर उभे राहतात. तोफाच तिघांकडून घेतल्या तर तिघांपैकी कोणीही रुसलं तरी एक तृतीयांश तोफखाना मुका, आणि तिघेही खूश असताना गोंधळ रोजचा. युक्रेनला हा अनुभव आला. मदत म्हणून डझनभर प्रकारच्या तोफा मिळाल्या, आणि दुरुस्तीसाठी त्या पोलंड, लिथुआनिया, स्लोव्हाकियापर्यंत पाठवाव्या लागल्या. नऊ फुटांच्या ओळी असलेल्या द्राक्षबागेत पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर शिरतच नाही. म्हणून पिंपळगावचा बागायतदार छोटा ट्रॅक्टर घेतो आणि तोही असा, ज्याचा मेकॅनिक ऐन फवारणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बांधावर येईल. जाहिरातीतल्या अश्वशक्तीने द्राक्षावरचा डाउनी रोग थांबत नाही.

रणगाड्यांबद्दल थोडक्यात. टी-७२ या सोव्हिएत रणगाड्याची दुखरी जागा सर्वांना माहीत आहे : वरच्या मनोऱ्यात बसणाऱ्या दोघांच्या पायांखाली फिरत्या चक्रात २२ गोळे आणि त्यांची दारू, वरच्या झाकणाचं चिलखत पातळ. वरून काही आत शिरलं की मनोराच उडतो. म्हणून सगळे रणगाडे भंगारात काढून नवे घ्यावेत? लहान देशाला ते परवडत नाही आणि गरजही नाही. त्याच पैशांत रात्री दिसणारी थर्मल दुर्बीण, सुरक्षित रेडिओ आणि लपायची साधनं घेतली तर जास्त रणगाडे जास्त दिवस टिकतात. २०२०च्या चित्रफितींत जळणारी कित्येक वाहनं घोड्याच्या नालेच्या आकाराच्या उघड्या खड्ड्यांत उभी होती. समोरून सुरक्षित, वरून ताटात वाढल्यासारखी. वर छत नाही, शेजारी खोटा रणगाडा नाही, रोज जागा बदलणं नाही. साधी हिरवी जाळीही पुरत नाही, कारण तापलेलं इंजिन थर्मल कॅमेऱ्याला जाळीतून दिसतं. उष्णता अडवणारी जाळी लागते आणि इंजिन बंद करून थांबायची शिस्त लागते. ही शिस्त कोणत्याही निविदेत मिळत नाही. रणगाड्यांच्या तुकडीमागे एक जेसीबी आणि तो चालवणारा हुशार माणूस असेल तर तो कित्येकदा एका नव्या रणगाड्याहून जास्त उपयोगी पडेल. संचलनात मात्र जेसीबीला टाळ्या मिळत नाहीत.

आणखी एक सूर निघतो, खास आपल्याकडचा. म्हणे शस्त्रांचं काय घेऊन बसलात, रामशेज पाहा! पेठ रस्त्यावरचा हा गड वर्षानुवर्षं मोगलांना दाद देत नव्हता. गडावर लोखंडी तोफ नव्हती, लाकडी नळ्यांना चामडं मढवून त्यातून मारा केला गेला, असं खुद्द मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलं आहे. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण वेढा पडलेल्या गडावर माणसं इतकी वर्षं जगली कशी? बाहेरून मराठी तुकड्या मोगलांवर तुटून पडत राहिल्या, धान्य आणि दारू वर पोहोचत राहिली, आणि उभ्या कातळाने बाकीचं केलं. रामशेज ही जिद्दीची कथा आहेच; तितकीच ती पुरवठ्याची कथा आहे. चामड्याच्या तोफेची गोष्ट सांगायला रंगतदार, धान्याच्या गोण्यांची नाही, म्हणून पहिलीच सांगितली जाते.

उलट टोकाचं उदाहरणही फार दूर नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईला शिंद्यांच्या तोफा ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांच्या तोडीच्या होत्या. शिंद्यांचा युरोपीय सेनापती द बॉयन याच्या काळात आग्र्याला ओतशाळा घालून त्या घडवलेल्या. गोलंदाज तोफेला चिकटून मेले, हे शत्रूनेही कबूल केलं. पण कवायत शिकवणारे, हुकूम देणारे कित्येक अधिकारी परके होते, आणि युद्धाच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढताच त्यांतले ब्रिटिश प्रजाजन शिंद्यांची चाकरी सोडून गेले. संध्याकाळपर्यंत नव्वदहून अधिक तोफा कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्या हाती लागल्या. धातू आपला होता, त्यामागचं डोकं भाड्याचं. आर्मेनियाला तोफा विकणाऱ्या आपल्या कंपन्यांनी आणि त्या घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी करारात तोफांच्या संख्येआधी हे पाहायला हवं : नळी बदलायची कार्यशाळा त्यांच्या भूमीवर उभी राहणार का, चार्ज तिथं भरता येणार का, प्रशिक्षक आपला परत आल्यावर वर्ग कोण घेणार.

कोणी म्हणेल, आता याची गरजच काय? ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या केल्या. करार टिकावा, असंच कोणीही म्हणेल. पण सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाखमध्ये एका दिवसाच्या हल्ल्यानंतर लाखाहून अधिक माणसं घरं सोडून निघाली, तेव्हाही रशियाचे शांतिसैनिक तिथंच होते. कोठार भरायला वेळ मिळतो तो शांततेतच.

आणि त्या कोठाराच्या दाराशी उभा असतो तो सक्तीच्या सेवेतला विशीतला मुलगा. आर्मेनियात ही सेवा २०२५पर्यंत २४ महिन्यांची होती, पुढे ती दीड वर्षावर आणायचं ठरलं. आपल्याकडे चार वर्षांचा अग्निवीर तोफेवर पुरेसा मुरतो का, यावर वाद चालतो. तिथं फार तर दोन वर्षांत मुलगा येतो, शिकतो आणि घरी जातो. रात्रीचे दोन, बाहेर उणे दहा अंश, म्हणजे थंडीने दारूचा जोर घटलेला आणि त्याची दुरुस्ती कोष्टकातून काढायची. समोर तीन प्रकारच्या पेट्या : एकीवर इंग्रजी, दुसरीवर फ्रेंच, तिसरीवर रशियन. त्याच्या सवयीची लिपी आर्मेनियन. बाहेरच्या ट्रकवरच्या तोफेचं चेंबर अठरा लिटरचं की तेवीसचं, हे त्याला हातातल्या बॅटरीच्या उजेडात, ट्रकचं इंजिन चालू असताना ठरवायचं आहे.